बाइटांची खानेसुमारी

मानवजातीने साठवलेली आणि इकडून तिकडे पाठवलेली माहिती एकूण किती, या प्रश्नाला एका आकड्याचे उत्तर नाही. किमान चार आकड्यांचे आहे. वर्षभरात किती माहिती नव्याने तयार झाली, हा पहिला आकडा. जगातल्या सगळ्या साधनांवर मिळून किती माहिती मावते, हा दुसरा. तारा, तरंग आणि काचतंतू यांतून किती वाहिली, हा तिसरा. माणसांच्या डोळ्या-कानांपर्यंत त्यातली किती पोहोचली, हा चौथा. चारही आकडे बाइटमध्येच सांगितले जातात, म्हणून ते एकाच गोष्टीचे असावेत असा समज होतो. भाषणांतून आणि जाहिरातींतून फिरणारे बहुतेक आकडे या गैरसमजावरच पोसले गेले आहेत.

कुणीतरी भल्या पहाटे तयार केलेले ‘सुप्रभात’चे चित्र घ्यावे. समजा, ते १०० किलोबाइटचे आहे आणि दोनशे जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर येऊन पडले आहे. नवी माहिती तयार झाली १०० किलोबाइट. प्रत्येक फोनने चित्र आपोआप उतरवून घेतले असेल तर वाहिली सुमारे २० मेगाबाइट, आणि फोनांमध्ये साठली तीही जवळपास तेवढीच. नकला वगळून मोजायचे ठरवले, तर साठा पुन्हा १०० किलोबाइटवर येतो. किती जणांनी ते निरखून पाहिले, हा हिशेब अर्थातच वेगळा, आणि तो बहुधा सर्वांत लहान. भारतात अशा चित्रांनी फोन इतके तुंबू लागले होते, की गुगलच्या ‘फाइल्स गो’ या अ‍ॅपमध्ये ती शोधून पुसण्याची खास सोय करावी लागली. एका चित्राची ही गत, तर पृथ्वीभरच्या मोजणीत काय होत असेल याची कल्पना करता येते.

मोजणीचे एकक फार जुने नाही. क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये ‘बेल सिस्टीम टेक्निकल जर्नल’मधील आपल्या प्रबंधात ‘बिट’ वापरला आणि नाव सुचवल्याचे श्रेय जॉन टुकी यांना दिले. सारख्याच शक्यतेच्या दोन पर्यायांमधली एक निवड म्हणजे एक बिट. असे आठ बिट म्हणजे एक बाइट. या मांडणीत मजकुराच्या अर्थाला जागा नाही. पुढचे अक्षर किती अनपेक्षित आहे एवढेच मोजायचे. जे अगोदरच ओळखता येते ते माहितीत धरायचे नाही, आणि म्हणूनच ते गाळून मजकूर दाबता येतो. पुढे सर्वांत काटेकोर ठरलेली मोजणी याच तत्त्वावर उभी राहिली.

एककाच्या पुढची शून्येही हळूहळूच आली. लीलावतीत भास्कराचार्यांनी दिलेली संख्यानामांची यादी परार्धापाशी, म्हणजे एकावर सतरा शून्ये झाल्यावर थांबते. एक एक्साबाइट म्हणजे असे दहा परार्ध बाइट. एक झेटाबाइट म्हणजे दहा हजार परार्ध. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत पेटा आणि एक्सा हे उपसर्ग १९७५ मध्ये दाखल झाले, झेटा आणि योटा १९९१ मध्ये. २०२२ मध्ये रोना आणि क्वेटा यांची भर पडली, तिच्यामागे डेटा मोजणाऱ्यांची निकडच मुख्य होती. त्यातही एक मेख आहे. संगणकाच्या जगात किलो म्हणजे कधी १,०००, कधी १,०२४. किलोच्या पातळीवर हा फरक अडीच टक्क्यांच्या आत असतो. झेटापर्यंत पोहोचेस्तोवर तो १८ टक्के होतो.

मोजण्याची धडपड मात्र बिटच्याही आधीची आहे. फ्रीमॉन्ट रायडर या अमेरिकन ग्रंथपालांनी १९४४ मध्ये दाखवून दिले की अमेरिकेतील विद्यापीठ ग्रंथालये दर सोळा वर्षांनी दुप्पट होत आहेत. हाच वेग राहिला तर २०४० मध्ये येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात २० कोटी ग्रंथ असतील, त्यांच्या फळ्यांची लांबी ६,००० मैल होईल आणि नुसत्या सूचीकामाला सहा हजारांहून अधिक माणसे लागतील, असा त्यांचा हिशेब होता. सूक्ष्म छपाईच्या पत्त्यांवर पुस्तके उतरवावीत हा त्यांचा उपाय फारसा रुजला नाही. पण वाढ टक्क्यांत धरायची आणि पुढची दशके त्याच वेगाने ओढून न्यायची, ही रीत मात्र त्यांच्यापासून आजतागायत चालू आहे.

शॅनन यांनी स्वतः जुलै १९४९ मध्ये एका कागदावर पेन्सिलीने छोटासा तक्ता मांडला होता. छिद्रांकित पत्त्यावर हजाराला जरा कमी बिट, टंकलिखित पानावर दहा हजार, आणि तक्त्याच्या टोकाला अमेरिकेचे लायब्ररी ऑफ काँग्रेस, एकावर चौदा शून्ये इतके बिट. हे साडेबारा टेराबाइट झाले. पुढे १९९७ मध्ये मायकेल लेस्क यांनी दोन कोटी पुस्तके आणि प्रत्येकी एक मेगाबाइट मजकूर असे धरून त्याच ग्रंथालयाच्या मजकुराचा आकडा २० टेराबाइट काढला. बर्कलीच्या अभ्यासकांनी १० टेराबाइट धरला. संगणक जेमतेम जन्मला होता तेव्हाच्या पेन्सिलीने इतक्या जवळ यावे हे विशेषच. त्याच तक्त्यात माणसाच्या आनुवंशिक ऐवजासाठी शॅनन यांनी फक्त एक लाख बिट लिहिले होते. डीएनएच्या दुहेरी पेडाचा शोध १९५३ चा. सुमारे तीन अब्ज जोड्या आणि प्रत्येकीला दोन बिट धरले तर खरा आकडा सहा अब्ज बिटांवर जातो, म्हणजे साठ हजार पट. पण त्या तक्त्याची थोरवी आकड्यांच्या अचूकपणात नाही. पत्ता, तबकडी, दूरचित्रवाणीचा तास, ग्रंथालय आणि जीव या सगळ्यांना प्रथमच एका मापात बसवले गेले, ती तिथे.

नंतरची काही दशके मोजणी बिटांत नव्हे, शब्दांत झाली. तारेचे पैसे शब्दांवर आकारले जात, त्यामुळे शब्द मोजणे कुणाला नवे नव्हते. जपानच्या टपाल आणि दूरसंचार खात्याने सत्तरच्या दशकात देशातील माहितीच्या प्रवाहाची पाहणी सुरू केली आणि वर्तमानपत्र, दूरध्वनी, दूरचित्रवाणी या सगळ्यांना शब्दांच्या मापाने तोलले. त्याच धर्तीवर इथिएल डी सोला पूल यांनी अमेरिकेतील सतरा माध्यमांचा १९६० ते १९७७ या काळातील हिशेब मांडला. तो १९८३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. अमेरिकनांना उपलब्ध होणारे शब्द वर्षाला ८.९ टक्क्यांनी वाढत होते. ते ज्यांकडे प्रत्यक्ष लक्ष देत होते ते शब्द वाढत होते २.९ टक्क्यांनी. पुढे निघालेल्या कितीतरी जाडजूड अहवालांपेक्षा या दोन टक्केवाऱ्यांमध्ये अधिक सांगितले गेले आहे.

बाइटची पद्धतशीर मोजणी सुरू झाली ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पीटर लायमन आणि हॅल व्हेरियन यांच्यापासून. त्यांची पद्धत खानेसुमारीसारखी होती. कागद, फिल्म, चुंबकीय माध्यमे आणि प्रकाशीय तबकड्या असे चार वाडे ठरवून प्रत्येकात वर्षभरात किती नवे आले ते मोजायचे. २००० च्या अहवालात उत्तर आले वर्षाला एक ते दोन एक्साबाइट, म्हणजे पृथ्वीवरील माणशी सुमारे २५० मेगाबाइट. २००३ च्या अहवालानुसार २००२ या वर्षात ५ एक्साबाइट नवी माहिती साठवली गेली, तिच्यातली ९२ टक्के चुंबकीय माध्यमांवर, बव्हंशी हार्ड डिस्कवर. कागदाचा वाटा टक्क्याच्या शंभराव्या भागाइतका. शिवाय १८ एक्साबाइट माहिती इलेक्ट्रॉनिक मार्गांनी वाहिली, आणि तीत ९८ टक्के होते दूरध्वनीवरचे बोलणे. इंटरनेटचा एवढा गाजावाजा चालू असताना जगातली बहुतेक माहिती अजून ‘हॅलो’नेच सुरू होत होती.

या अहवालातील पाच एक्साबाइटच्या वाट्याला पुढे फार विचित्र प्रवास आला. गुगलचे तत्कालीन मुख्य कार्यकारी अधिकारी एरिक श्मिट यांनी २०१० मध्ये एका परिषदेत सांगितले, की संस्कृतीच्या उदयापासून २००३ पर्यंत माणसाने पाच एक्साबाइट माहिती निर्माण केली आणि आता तेवढी दर दोन दिवसांनी होते. पाच एक्साबाइट हा हजारो वर्षांचा नव्हे, एकट्या २००२ चा आकडा होता, आणि तोही फक्त साठवलेल्या नव्या माहितीचा. तुलना वाहिलेल्या माहितीसकट करायची तर २००२ ची बाजू तेवीस एक्साबाइट होते. पण विधान चटपटीत होते. वर्षानुवर्षे ते सादरीकरणांच्या पहिल्या पाटीवर झळकत राहिले.

बर्कलीच्या अहवालात आणखी एक उसना आकडा होता. आजवर माणसाने उच्चारलेले सगळे शब्द मिळून पाच एक्साबाइट होतील, असा एक अंदाज त्या काळी प्रचलित होता. भाषाशास्त्रज्ञ मार्क लिबरमन यांनी २००३ मध्ये तोच हिशेब ध्वनिमुद्रणाच्या रूपात करून पाहिला आणि उत्तर आले ४२ झेटाबाइट. शब्द तेच, माणसे तीच. बदलले एवढेच की अक्षरे मोजायची की आवाज. फरक हजारो पटींचा.

हाच प्रकार मराठीत करून पाहता येतो. समजा, २४० पानांचा एक दिवाळी अंक आहे आणि पानाला सरासरी ४०० शब्द. एकूण ९६,००० शब्द झाले. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, वेलांटी हे सगळे वेगवेगळे, तीन बाइट घेते. रोमन अक्षराला एक बाइट पुरतो. शब्दाला सरासरी सहा चिन्हे आणि एक मोकळी जागा धरली तर अंक सुमारे १.८ मेगाबाइटचा होतो. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये प्रमाणित झालेल्या इस्कीमध्ये प्रत्येक चिन्हाला एकच बाइट लागत असे, तेव्हा तोच अंक त्यात साधारण पाऊण मेगाबाइटच्या खाली आला असता. मोठ्या आकाराच्या त्या पानांची रंगीत छायाप्रत इंचाला ३०० ठिपके या दराने, न दाबता साठवली, तर पानाला २६ मेगाबाइट, आणि अंकाला सव्वासहा गिगाबाइट. सगळा अंक मोठ्याने वाचून सीडीच्या दर्जाने मुद्रित केला तर बारा तासांचे वाचन आणि सुमारे ७.६ गिगाबाइट. लेख, कथा, कविता यांत एका शब्दाचीही भर पडलेली नाही, आणि माहिती मात्र चार हजार पट ‘वाढली’.

ही अडचण ओळखून मोजणी करणारा अभ्यास म्हणून मार्टिन हिल्बर्ट आणि प्रिसिला लोपेझ यांच्या कामाकडे पाहावे लागते. २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निबंधात त्यांनी १९८६ ते २००७ या काळातील साठ प्रकारची तंत्रज्ञाने मोजली. पुस्तके, वर्तमानपत्रे, छायाचित्रे, रेकॉर्ड, कॅसेटी, क्ष-किरण चित्रे, हार्ड डिस्क, सिमकार्डपर्यंत. प्रत्येक साधनाचे जगात किती नग आहेत, प्रत्येकाची क्षमता किती, आणि त्यात भरलेला मजकूर शक्य तितका दाबला तर किती उरेल, अशा तीन पायऱ्या. तिसरी पायरी निर्णायक आहे. १९८६ ची व्हिडिओ कॅसेट आणि २००७ ची हार्ड डिस्क यांची तुलना तिच्यावाचून शक्यच नाही.

त्यांच्या हिशेबाने जगाची साठवणक्षमता १९८६ मध्ये २.६ एक्साबाइट होती, १९९३ मध्ये १५.८, २००० मध्ये ५४.५ आणि २००७ मध्ये २९५ एक्साबाइट. वर्षाला २३ टक्के वाढ, म्हणजे साधारण चाळीस महिन्यांत दुप्पट. १९८६ मध्ये या साठ्याचा एक टक्काही डिजिटल नव्हता. २००० मध्येही पाऊण हिस्सा अ‍ॅनालॉगच होता, आणि त्यात सिंहाचा वाटा व्हिडिओ कॅसेटींचा. घरोघरच्या लग्नाच्या आणि सिनेमांच्या कॅसेटी हाच तेव्हा मानवजातीचा प्रमुख ‘डेटा’ होता, ही गोष्ट संगणकाचे इतिहास लिहिणारे सहसा सांगत नाहीत. २००२ मध्ये डिजिटल साठा पुढे गेला आणि २००७ पर्यंत ९४ टक्क्यांवर पोहोचला. कागदाचा साठा या काळात घटला नाही, ८.७ पेटाबाइटवरून १९.४ पेटाबाइटवर गेला. मात्र त्याचा वाटा ०.३३ टक्क्यांवरून ०.००७ टक्क्यांवर आला. कागद संपल्याचे भाकीत करणारे आणि कागद टिकल्याचे सांगणारे, दोघांनाही या एका नोंदीत आपापला पुरावा सापडतो.

वहनाचा भाग त्याहून बोलका आहे. २००७ मध्ये जगभर सुमारे दोन झेटाबाइट माहिती पोहोचवली गेली. तीतली १.९ झेटाबाइट एकतर्फी प्रसारणाची, म्हणजे दूरचित्रवाणी आणि आकाशवाणीची. दुतर्फी दूरसंचाराची होती फक्त ६५ एक्साबाइट. पण प्रसारण वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत होते आणि दूरसंचार २८ टक्क्यांनी. माणशी दररोज १७४ वर्तमानपत्रांएवढी माहिती प्रसारणातून आणि सहा वर्तमानपत्रांएवढी दूरसंचारातून, असे या लेखकांनी ते मांडले. याच निबंधात गणनक्षमतेचाही हिशेब आहे. १९८६ मध्ये जगातील सर्वसाधारण गणनक्षमतेपैकी ४१ टक्के खिशातल्या कॅल्क्युलेटरमध्ये होती.

मोजणीचा दुसरा प्रवाह आयडीसी या बाजार-संशोधन संस्थेचा. साठवणुकीची उपकरणे विकणाऱ्या ईएमसी आणि पुढे सीगेट या कंपन्यांच्या पुरस्काराने तिने २००७ पासून ‘डिजिटल विश्वा’चे अहवाल काढले. २००६ साठी १६१ एक्साबाइट, २०११ साठी १.८ झेटाबाइट, २०२० साठी ६४.२ झेटाबाइट. २०१८ मध्ये तिने २०२५ साठी १७५ झेटाबाइटचे भाकीत केले, आणि आजही सर्वाधिक उद्धृत होणारा आकडा बहुधा हाच. यात वर्षभरात तयार झालेला, टिपलेला आणि नकललेला प्रत्येक बाइट धरला जातो, मग तो क्षणभरच का जगेना. कोठारे विकणाऱ्याने पिकाचा अंदाज चढा सांगावा यात नवल नाही. पण अहवाल बारकाईने वाचला तर तोच स्वतःच्या आकड्याची हवा काढतो. २०२० मध्ये तयार झालेल्या ६४.२ झेटाबाइटपैकी दोन टक्क्यांहून कमी माहिती २०२१ मध्ये शिल्लक राहिली, आणि जगाची एकूण स्थापित साठवणक्षमता होती ६.७ झेटाबाइट. तयार होणाऱ्या माहितीत बहुतांश वाटा नकलांचा असतो, हेही त्याच संस्थेचे निरीक्षण.

आयडीसीच्या हिशेबाने २००७ चे डिजिटल विश्व २८१ एक्साबाइटचे. हिल्बर्ट-लोपेझ यांच्या हिशेबाने त्याच वर्षी साठवणक्षमता २९५ एक्साबाइटची. आकडे इतके शेजारी की एकाने दुसऱ्याला दुजोरा दिला असे वाटावे. प्रत्यक्षात एक आकडा वर्षभरात तयार झालेल्या कच्च्या बाइटांचा आहे, दुसरा वर्षानुवर्षे साचलेल्या माध्यमांवर, दाबून, काय मावेल याचा. हा निव्वळ योगायोग आहे. सॅन दिएगो येथील रॉजर बोन आणि जेम्स शॉर्ट यांनी तर केवळ अमेरिकी ग्राहकांनी २००८ मध्ये ३.६ झेटाबाइट माहिती कामाबाहेरच्या वेळात ‘सेवन’ केल्याचे दाखवले. एका देशाच्या सेवनापुढे आयडीसीची सगळ्या जगाची निर्मिती चिमुकली, कारण सेवनात पडद्यावर हलणारा प्रत्येक ठिपका धरला होता.

जगातील नव्वद टक्के डेटा गेल्या दोन वर्षांत तयार झाला, हे विधान २०१३ च्या सुमारास पसरले आणि अजून जुने होत नाही. ते तपासायला साध्या अंकगणितापलीकडे काही लागत नाही. एकूण साठ्यापैकी नव्वद टक्के दोन वर्षांतला असायचा, तर दोन वर्षांपूर्वीचा साठा आजच्या एकदशांश असला पाहिजे. म्हणजे दर वर्षी तो तिपटीहून अधिक झाला पाहिजे. साठा दर वर्षी दुप्पट झाला तरी दोन वर्षांचा वाटा ७५ टक्केच भरतो. हिल्बर्ट-लोपेझ यांच्या २३ टक्क्यांनी तो ३४ टक्क्यांवर येतो.

तयार होणे आणि टिकणे यांतले अंतर सर्वांत मोठे दिसते ते विज्ञानात. जिनिव्हाजवळच्या सर्न येथील महाकाय त्वरकात, लार्ज हेड्रॉन कोलायडरमध्ये, टकरींतून सेकंदाला सुमारे एक पेटाबाइट माहिती उपजते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा सहभाग असलेल्या सीएमएस या प्रयोगात प्रोटॉनांचे पुंजके सेकंदाला चार कोटी वेळा एकमेकांतून जातात. त्यातले एक लाख प्रसंग इलेक्ट्रॉनिक चाळणी पुढे सोडते आणि संगणकांची दुसरी चाळणी त्यांतले हजाराच्या आसपास ठेवते. उरलेले त्याच क्षणी सोडून दिले जातात. चाळण्या नसत्या तर सर्नची सगळी साठवण काही मिनिटांत भरली असती. तेथील डिस्कवरील क्षमतेने २०२३ मध्ये एक एक्साबाइटचा टप्पा ओलांडला. आता हे सोडून दिलेले प्रसंग मानवजातीच्या माहितीत धरायचे की नाही, याला शास्त्रीय उत्तर नाही. ती व्याख्येची बाब आहे.

वहनाच्या मोजणीत व्याख्या आणखी निसरड्या होतात. एकच बाइट समुद्राखालच्या केबलमधून, मग शहरातल्या डेटा सेंटरमधून, मग मनोऱ्यावरून फोनमध्ये येतो. प्रत्येक टप्प्यावर मोजला तर एकाचे चार होतात. म्हणून मोजणी शक्यतो टोकाला, म्हणजे ग्राहकाच्या जोडणीपाशी करतात. सिस्को कंपनीच्या अंदाजानुसार २०१६ मध्ये इंटरनेट तंत्राने चालणाऱ्या जाळ्यांतील वार्षिक वाहतुकीने झेटाबाइटचा टप्पा ओलांडला. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या आकड्यांत २०२२ साली तारेच्या ब्रॉडबँडवरून सुमारे ४.४ झेटाबाइट आणि मोबाइलवरून ०.९ झेटाबाइट वाहतूक झाली. सगळे जग मोबाइलवर आले आहे असे वाटणाऱ्यांना हे प्रमाण उलटे भासेल. भारतात मात्र मोबाइलचाच वरचष्मा आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाल्यानंतर डेटाचे दर कोसळले आणि वापर कल्पनेपलीकडे गेला. २०२४ मध्ये तो महिन्याला किती होता? एरिक्सनच्या अहवालात ३२ गिगाबाइट, नोकियाच्या अहवालात २७.५. एरिक्सन भारत, नेपाळ, भूतान मिळून दर स्मार्टफोनमागे मोजते. नोकिया भारतातील दर डेटा-ग्राहकामागे. दोन्ही आकडे आपापल्या जागी चालतात, शेजारी ठेवले की भांडतात.

अहमदाबादला १९ नोव्हेंबर २०२३ रोजी झालेला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना हॉटस्टारवर एका वेळी कमाल ५.९ कोटी प्रेक्षक पाहत होते. प्रत्येकाला सेकंदाला दोन मेगाबिट, हा माफक दर धरला, तर प्रेक्षकामागे तासाला ९०० मेगाबाइट होतात, आणि ती गर्दी तासभर टिकली तर ५३ पेटाबाइट. मैदानावरच्या कॅमेऱ्यांनी टिपलेली मूळ माहिती यापुढे नगण्य. प्रेक्षकांच्या फोनमध्ये साठलेली तर शून्यच. उलट टोकाचे उदाहरण कृष्णविवराचे. एप्रिल २०१७ मध्ये इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या आठ दुर्बिणींनी मिळून सुमारे पाच पेटाबाइट नोंदी केल्या. त्या तारेने पाठवणे परवडणारे नव्हते, म्हणून अर्ध्या टनाच्या हार्ड डिस्क विमानाने नेल्या गेल्या. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा सरेपर्यंत अडकून पडल्या. एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचे चित्र एप्रिल २०१९ मध्ये जगापुढे आले ते असे. जाळ्यांची वाहतूक मोजणाऱ्या कुठल्याही अहवालात हे पाच पेटाबाइट नाहीत.

आकार आणि महत्त्व यांचा संबंध नसल्याचे दाखवायला पुण्याचे पेशवे दप्तर पुरेसे आहे. तिथल्या पुराभिलेखागारात मोडीतले कोट्यवधी कागद आहेत. समजा, चार कोटी कागद धरले आणि प्रत्येकाची छायाप्रत एक मेगाबाइटची झाली, तर सगळे दप्तर ४० टेराबाइटचे. आज ३० टेराबाइटची एक हार्ड डिस्क मिळते, तेव्हा दोन डिस्कमध्ये ते बसून जागा उरेल. गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासून काही वर्षांत त्याच दप्तरातून निवडून ४५ खंड छापले आणि मराठ्यांच्या इतिहासाचे लेखन त्यांवर कितीतरी दशके चालले. ते खंड मजकूर म्हणून एका पेनड्राइव्हच्या कोपऱ्यातही सापडायचे नाहीत.

राहिला चौथा आकडा, माणसापर्यंत पोहोचणाऱ्या माहितीचा. बोन आणि शॉर्ट यांच्या पाहणीत २००८ मधील सरासरी अमेरिकन माणूस दिवसाला ११.८ तास माहिती घेत होता, ३४ गिगाबाइट आणि १,००,५०० शब्द. बाइटांपैकी निम्म्याहून अधिक संगणकीय खेळांचे होते. एक लाख शब्द मजकूर म्हणून एक मेगाबाइटही होत नाहीत. पडद्याचा स्पष्टपणा वाढला की गिगाबाइट दुप्पट होतात, तास होत नाहीत. उपलब्ध होणारे आणि लक्ष दिले जाणारे यांतली जी दरी पूल यांच्या दोन टक्केवाऱ्यांत दिसते, ती बाइटांत मोजली तर अशाने आणखी रुंदावते.

गेल्या काही वर्षांत माणसांखेरीज यंत्रेही वाचू लागली, आणि मजकूर किती आहे हा प्रश्न एकाएकी व्यापारी महत्त्वाचा झाला. भाषा-प्रतिमाने घडवताना मजकूर शब्दखंडांत, म्हणजे टोकनांत मोजतात. इपॉक एआय या संशोधन गटाने २०२४ मध्ये माणसांनी लिहिलेल्या, सर्वांना खुल्या आणि वापरण्याजोग्या मजकुराचा अंदाज सुमारे ३०० लाख कोटी टोकन असा केला. टोकनाला साधारण चार बाइट धरले तर हा सगळा साठा १.२ पेटाबाइटचा. अहमदाबादच्या सामन्याच्या वरच्या हिशेबात तेवढे दीड मिनिटाच्या आत वाहून गेले.

त्या साठ्यात भाषांचे वाटे बोलणाऱ्यांच्या प्रमाणात नाहीत. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८.३ कोटी होते, म्हणजे जगाच्या लोकसंख्येत शेकडा एकाच्या आसपास. कॉमन क्रॉल या खुल्या संग्रहात मराठी पानांचा वाटा मात्र दशांश टक्क्याच्याही खाली आहे. कारण मराठीत लिहिलेले कमी आहे असे नव्हे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये पहिला दिवाळी अंक काढल्यापासून छापल्या गेलेल्या अंकांपैकी फारच थोडे मजकूर म्हणून उपलब्ध आहेत. काही निव्वळ छायाप्रती आहेत. अनेक युनिकोडपूर्व फाँटांत जुळवलेले आहेत आणि त्यांच्या पीडीएफमधून निघतात ती रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे. बाइटांच्या खानेसुमारीत हे अंक पुरेपूर मोजले जातात, छायाप्रत म्हणून तर हजारो पट अधिक. शब्दांच्या खानेसुमारीत त्यांची नोंद शून्य.